प्लिमथच्या खडकांवरील डॉगव्हेल्क: जहाजांचा रंग आणि बंद झालेली अंडवाट

१९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील अनेक खडकाळ पट्ट्यांवरून डॉगव्हेल्क ही समुद्री गोगलगाय विरळ होत गेली होती, आणि काही ठिकाणांहून तर ती जवळजवळ नाहीशी झाली होती. तेल सांडल्यावर किंवा विषारी सांडपाणी सोडल्यावर दिसतो तसा मृत प्राण्यांचा खच कोठेही पडला नव्हता. उरलेल्या गोगलगायी वरवर धडधाकट होत्या, बार्नेकल (खडकांना चिकटून राहणारे कवचधारी प्राणी) खात होत्या आणि ओहोटीच्या वेळी कपारींत दडून बसत होत्या. मात्र त्यांत पिल्ले फार थोडी होती, माद्यांचे प्रमाण नरांपेक्षा कमी होते आणि एरवी खडकांच्या खाचांत पिवळसर झुबक्यांनी चिकटलेल्या आढळणाऱ्या अंडकुप्या क्वचितच दिसत होत्या. सागरी प्रदूषण एखाद्या प्राण्याला न मारताही त्याचा वंश कसा संपवू शकते, याचा इतका बारकाईने तपासलेला दुसरा दाखला माझ्या माहितीत नाही. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडण्याजोगे आहे.

हा प्राणी कसा प्रजनन करतो

डॉगव्हेल्क, म्हणजेच शास्त्रीय नावाने न्युसेला लॅपिलस, ही उत्तर अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणारी मांसाहारी गोगलगाय आहे. बार्नेकल आणि शिंपले हे तिचे मुख्य अन्न असून, त्यांच्या कवचाला भोक पाडून किंवा झडपा उचकटून ती आतला मऊ भाग खाते. अनेक जमिनीवरील गोगलगायी उभयलिंगी असतात, हिच्यात मात्र नर आणि मादी वेगळे असतात. नराच्या उजव्या स्पर्शिकेमागे शिश्न असते आणि तेथून शुक्रवाहिनी मागे शरीरात जाते. मादीला शिश्न नसते. तिची अंडवाहिनी कोषग्रंथी नावाच्या मोठ्या ग्रंथीतून पुढे येते आणि एका लहान उंचवट्यावरील योनीमुखातून बाहेर उघडते.

फलन मादीच्या शरीरात होते आणि त्यानंतर कोषग्रंथी अंड्यांभोवती चिवट कुपी तयार करते. तांदळाच्या दाण्याच्या आकाराची ही कुपी योनीमुखातून बाहेर येते, पायातील एका ग्रंथीत तिला अखेरचा आकार व कठीणपणा मिळतो आणि मग ती खडकाला घट्ट चिकटवली जाते. एका कुपीत काही शे अंडी असतात. त्यांतील बहुतेक अंड्यांचे जीव न होता ती वाढणाऱ्या भ्रूणांचे अन्न होतात, त्यामुळे शेवटी काही डझन पिल्लेच बाहेर पडतात. त्यासाठी काही महिने लागतात, आणि बाहेर पडलेले पिल्लू पाण्यात तरंगत न जाता त्याच खडकावर सरपटू लागते.

तरंगणारी अळी नसणे ही बाब पुढील सगळ्या हकिगतीचे मूळ आहे. कालवांसारख्या प्राण्यांच्या अळ्या प्रवाहाबरोबर दूरवर जातात, म्हणून एखाद्या खाडीतील प्रौढ नष्ट झाले तरी दुसरीकडून नवी पिढी येऊन बसू शकते. डॉगव्हेल्कच्या बाबतीत एका खडकाळ टोकावरील पिढी ही त्याच टोकावरील माद्यांनी दिलेली असते. तेथील माद्यांना अंडी घालणे अशक्य झाले की तेथील गोगलगायी आपापले आयुष्य जगून संपतात आणि त्यांची जागा घेणारे कोणीही येत नाही. प्रौढ डॉगव्हेल्क पाच-सहा वर्षे जगत असल्यामुळे हा ऱ्हास अनेक वर्षे नजरेतही भरत नाही.

निरीक्षण होते, कारण नव्हते

१९७० मध्ये स्टीफन ब्लेबर यांनी प्लिमथ साउंड या आखाती बंदरातील डॉगव्हेल्क माद्यांमध्ये उजव्या स्पर्शिकेमागे शिश्नासारखा अवयव उगवलेला आढळल्याचे प्रसिद्ध केले. बंदराच्या आतल्या भागात अशा माद्या अधिक होत्या आणि बाहेरच्या किनाऱ्यावर कमी. पुढच्याच वर्षी अमेरिकेत बी. एस. स्मिथ यांनी कनेक्टिकटच्या किनाऱ्यावरील चिखलात राहणाऱ्या एका वेगळ्या गोगलगायीत तसाच बदल नोंदवला आणि त्याला ‘इम्पोसेक्स’ हे नाव दिले. मादीच्या शरीरावर नराची लक्षणे लादली जाणे, असा त्या शब्दाचा भाव आहे. मादी नर होत नाही, तिची स्वतःची प्रजननसंस्था जागेवरच असते आणि तिच्यावर दुसऱ्या लिंगाचे अवयव चढतात, हा फरक या नावाने नेमका पकडला आहे.

स्मिथ यांनी पुढे नौकांच्या तळांजवळील आणि तळांपासून दूरच्या गोगलगायींची तुलना केली, स्वच्छ जागेतील गोगलगायी नौकातळात नेऊन ठेवल्या आणि १९८१ मध्ये हा बदल जहाजांच्या जीवरोधक रंगातील (तळावर जीव वाढू न देणाऱ्या रंगातील) ट्रायब्युटिलटिन या कथिलाच्या संयुगामुळे होतो असे दाखवून दिले. ज्या गोगलगायीवर त्यांनी काम केले, तिच्यात इम्पोसेक्समुळे प्रजननात मोठा अडथळा येत नाही. त्यामुळे ही एक विचित्र पण फारशी हानी न करणारी गोष्ट आहे, असा समज होण्यास वाव राहिला. निरीक्षण आणि त्याच्या परिणामांची जाणीव यांत दहा-पंधरा वर्षांचे अंतर पडले, याचे मला फार वाईट वाटते, कारण त्याच वर्षांत तो रंग छोट्या नौकांपासून प्रचंड तेलवाहू जहाजांपर्यंत सर्वत्र पोहोचला.

हे संयुग रंगात कशासाठी आले, हेही पाहिले पाहिजे. जहाजाच्या पाण्याखालील भागावर बार्नेकल, शैवाल आणि शिंपले वाढले की घर्षण वाढते, वेग घटतो आणि इंधन अधिक लागते. तांब्याच्या संयुगांचे जुने रंग थोड्या काळात निष्प्रभ होत. १९६० च्या दशकापासून वापरात आलेले ट्रायब्युटिलटिनचे रंग कितीतरी प्रभावी होते, आणि १९७० च्या दशकात आलेल्या सुधारित प्रकारात तर रंगाचा थर पाण्यात हळूहळू झिजत राहून प्रत्येक वेळी ताजा विषारी पृष्ठभाग उघडा करत असे. असा रंग कित्येक वर्षे टिकत असे. विषाचे पाण्यात सतत झिरपणे हाच त्या रंगाच्या कामाचा गाभा होता. याच संयुगाची चाचणी बिलहार्झिया रोग पसरवणाऱ्या गोड्या पाण्यातील गोगलगायी मारण्यासाठीही झाली होती. ते गोगलगायींना घातक आहे हे ठाऊक असताना समुद्रातील गोगलगायींचे काय होईल हा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही, याचे आजही आश्चर्य वाटते.

प्लिमथमधील तपास

प्लिमथच्या मरीन बायोलॉजिकल असोसिएशनच्या प्रयोगशाळेतील जेफ्री ब्रायन, पीटर गिब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हा प्रश्न मुळापासून हाताळला. १९८६ मध्ये त्यांनी नैर्ऋत्य इंग्लंडभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. इम्पोसेक्स जवळजवळ सगळीकडे होता, पण नौका आणि जहाजे यांची वर्दळ असलेल्या केंद्रांजवळ तो सर्वांत तीव्र होता. प्लिमथ साउंडमध्ये १९६९ ते १९८५ या काळात तो स्पष्टपणे वाढला होता, आणि ट्रायब्युटिलटिनयुक्त रंगांचा प्रवेश व वाढता वापरही याच काळातला होता.

केवळ स्थळकाळ जुळला म्हणून कारण सिद्ध होत नाही, हे या मंडळींनी ओळखले होते. बंदरात इतरही धातू असतात, सांडपाणी असते, तेल असते. म्हणून त्यांनी गोगलगायींच्या शरीरातील कथिलाचे प्रमाण मोजले आणि त्याचा इम्पोसेक्सच्या तीव्रतेशी संबंध तपासला. स्वच्छ किनाऱ्यावरील गोगलगायी प्रदूषित खाडीत नेल्यावर त्यांच्यातील बदल वाढत गेला. प्रयोगशाळेत रंगातून झिरपणाऱ्या कथिलाचे प्रमाण लिटरला सुमारे २० नॅनोग्रॅम ठेवून १२० दिवस ठेवलेल्या माद्यांमध्येही तो वाढला. क्षेत्रीय पाहणी, स्थलांतर प्रयोग आणि प्रयोगशाळा या तिन्हींकडून एकच उत्तर आले. या क्रमामुळेच हे काम पुढे कायदे करणाऱ्यांसमोर टिकले, असे माझे मत आहे.

मोजमापासाठी त्यांनी दोन निर्देशांक घडवले. पहिल्यात मादीच्या शिश्नाच्या सरासरी लांबीचा घन नराच्या शिश्नाच्या सरासरी लांबीच्या घनाने भागून त्याची टक्केवारी काढतात. लांबीऐवजी घन घेण्यामागे अवयवाच्या एकूण आकारमानाचा अंदाज यावा हा हेतू आहे. याने प्रदूषणाची तीव्रता कळते, परंतु मादी अंडी घालू शकते की नाही हे कळत नाही. दुसरा निर्देशांक त्यासाठी आहे आणि तोच अधिक महत्त्वाचा ठरला. त्यात मादीच्या शरीरात शुक्रवाहिनी कोणत्या क्रमाने घडत जाते, त्याच्या ० ते ६ अशा पायऱ्या मानल्या आहेत.

वाट बंद कशी होते

पहिल्या पायरीवर योनीमुखाच्या उंचवट्याजवळ शुक्रवाहिनीचा आरंभीचा भाग उमटतो. दुसऱ्या पायरीवर उजव्या स्पर्शिकेमागे शिश्नाचा लहानसा अंकुर दिसतो. तिसऱ्या पायरीवर लहान शिश्न तयार होऊन त्याच्या बुडापासूनही शुक्रवाहिनी वाढू लागते, आणि चौथ्या पायरीवर दोन्ही टोके जुळून अखंड शुक्रवाहिनी तयार होते व शिश्न नराच्या शिश्नाच्या आकाराजवळ पोहोचते. येथपर्यंतची मादी विचित्र दिसत असली तरी तिचे योनीमुख उघडे असते आणि ती अंडकुप्या घालू शकते.

पाचव्या पायरीवर शुक्रवाहिनीच्या ऊती योनीमुखाच्या उंचवट्यावर वाढत जातात आणि ते छिद्र झाकून टाकतात. अंडाशय काम करत असतो, कोषग्रंथी कुप्या बनवत असते, फक्त त्यांना बाहेर पडायला जागा उरत नाही. सहाव्या पायरीवर अशा न घातल्या गेलेल्या कुप्या ग्रंथीच्या पोकळीत एकावर एक साचून काळपट, दबलेला गोळा होतो. मादी उघडून पाहिल्यावर हा गोळा सूक्ष्मदर्शकाशिवायही दिसतो. साचलेल्या कुप्यांच्या दाबाने ग्रंथी फुटून मादीचा अकाली मृत्यू होत असावा, असा निष्कर्ष गिब्स आणि ब्रायन यांनी काढला. ऱ्हास पावलेल्या वस्त्यांत माद्या नरांपेक्षा कमी का होत्या, याचे स्पष्टीकरण त्यातून मिळते.

या वर्णनात मला सर्वांत हृदयद्रावक वाटते ती त्यातील यांत्रिकता. विष अंडी मारत नाही, भ्रूण बिघडवत नाही, निदान कमी मात्रेत तरी नाही. ते एक छिद्र बुजवते. मात्रा बरीच वाढली की अंडनिर्मितीच दबते आणि मादीच्या जननग्रंथीत शुक्रपेशी बनू लागतात, पण वस्ती संपायला तेथपर्यंत जावेच लागत नाही. शिवाय एकदा उगवलेले हे अवयव मागे जात नाहीत. पाणी उद्या स्वच्छ झाले तरी पाचव्या पायरीवरची मादी आयुष्यभर वांझच राहते.

कथिलाचे एक संयुग गोगलगायीच्या शरीरात नराचे अवयव का उगवते, यावर बराच काळ वाद होता. नर संप्रेरकाचे मादी संप्रेरकात रूपांतर करणारे विकर (एन्झाइम) ट्रायब्युटिलटिनमुळे अडते आणि नर संप्रेरक साचते, असा एक विचार होता. मज्जासंस्थेतील नर अवयवांची वाढ घडवणारे लहान प्रथिन अवेळी सक्रिय होते, असा दुसरा विचार होता. २००४ मध्ये जपानमधील संशोधकांनी वेगळी वाट दाखवली. ट्रायब्युटिलटिन हे पेशीतील रेटिनॉइड एक्स ग्राही नावाच्या प्रथिनाला घट्ट चिकटते, आणि त्याच ग्राहीला चिकटणारे अ जीवनसत्त्वापासून बनणारे एक आम्ल टोचल्यास जपानी किनाऱ्यावरील थेस क्लेव्हिगेरा या गोगलगायीच्या मादीत शिश्न उगवते, असे त्यांनी सिद्ध केले. पुढे डॉगव्हेल्कमध्येही हाच मार्ग दिसून आला आणि आज तोच सर्वाधिक मान्य आहे. इतक्या क्षुल्लक मात्रेने इतका मोठा बदल का होतो, हे त्यावरून उमगते. शरीराच्या स्वतःच्या किल्लीची जागा घेणाऱ्या रेणूला फार संख्येने यावे लागत नाही.

मर्यादा कोणाच्या मापाने ठरवायची

मात्रेचा प्रश्न या प्रकरणात निर्णायक होता. डॉगव्हेल्कमध्ये इम्पोसेक्सची सुरुवात लिटरला १ नॅनोग्रॅमपेक्षाही कमी प्रमाणात होते आणि वांझपण लिटरला १ ते २ नॅनोग्रॅम कथिलापासून दिसू लागते. लिटरला १ नॅनोग्रॅम म्हणजे १०० कोटी लिटर पाण्यात १ ग्रॅम. जुने अहवाल वाचताना एक काळजी घ्यावी लागते, ती म्हणजे काही आकडे कथिलाचे असतात तर काही संपूर्ण ट्रायब्युटिलटिनचे, आणि कथिलाच्या आकड्याला सुमारे २.४४ ने गुणल्यावर ट्रायब्युटिलटिनचा आकडा मिळतो. हा फरक न पाळल्याने दोन अभ्यास परस्परविरोधी वाटण्याची चूक सहज होते.

डॉगव्हेल्कच्या आधी धोक्याची घंटा वाजली होती ती कालवांमुळे. फ्रान्समधील आर्काशोंच्या उपसागरात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कालवांच्या नव्या पिढ्या बसेनाशा झाल्या होत्या आणि प्रौढ कालवांची कवचे विकृत जाड होत होती. या उद्योगाचे मोठे नुकसान झाल्यावर फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान नौकांवर या रंगांचा वापर बंद केला. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यास कालवांवरील परिणाम लक्षात घेऊन पाण्यातील ट्रायब्युटिलटिनसाठी लिटरला २० नॅनोग्रॅम असे लक्ष्य ठरवले गेले. कालवासाठी ते सावधगिरीचे असेल, पण डॉगव्हेल्कची मादी त्याच्या कितीतरी खालच्या पातळीवर वांझ होत होती. ज्या प्राण्याला बाजारात किंमत होती त्याच्या मापाने समुद्र मोजला गेला, आणि ज्याला नव्हती तो त्या मापात बसला नाही. १९८६ चे निष्कर्ष हाती आल्यावर ब्रिटनने १९८७ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान नौकांसाठी या रंगांच्या विक्रीवर बंदी घातली आणि पाण्याची मर्यादा पुढे लिटरला २ नॅनोग्रॅमवर आणली. युरोपीय संघाच्या नंतरच्या पाणीविषयक नियमांत ही मर्यादा वार्षिक सरासरी लिटरला ०.२ नॅनोग्रॅम इतकी खाली गेली.

बंदीनंतर

लहान नौकांवरील बंदीने नौकातळांजवळच्या खाड्या हळूहळू सुधारल्या. मोठी जहाजे मात्र मोकळी राहिली होती. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरील सलम व्हो येथे मोठे तेल टर्मिनल आहे आणि तेलवाहू जहाजांची सतत ये-जा असते. तेथील डॉगव्हेल्कमध्ये १९८७ नंतरही तीव्र इम्पोसेक्स टिकून राहिला, आणि मोठ्या जहाजांचा वाटा नगण्य आहे हा दावा त्यामुळे टिकाव धरू शकला नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ५ ऑक्टोबर २००१ रोजी जीवरोधक रंगांविषयीचा करार स्वीकारला आणि तो १७ सप्टेंबर २००८ रोजी अमलात आला. ब्लेबर यांच्या नोंदीपासून मोजले तर मधली वर्षे ३८ होतात.

या काळातील एक उपकथा विसरता येत नाही. केंट परगण्यातील डम्पटन गॅप या ठिकाणी पाणी प्रदूषित असूनही डॉगव्हेल्क टिकून होते, याचा छडा गिब्स यांनी १९९३ मध्ये लावला. तेथील काही नरांमध्ये शिश्न अपुरे वाढलेले किंवा मुळीच नव्हते आणि शुक्रवाहिनीही अर्धवट होती. हा दोष आनुवंशिक होता. एरवी असा नर निसर्गात मागे पडला असता. पण तोच वारसा माद्यांत आला की ट्रायब्युटिलटिनच्या प्रभावाखालीही शुक्रवाहिनी पुरेशी वाढत नाही, योनीमुख झाकले जात नाही आणि मादी अंडी घालू शकते. स्वच्छ पाण्यात जो दोष ठरतो तोच विषारी पाण्यात वस्तीचा आधार ठरला. काही नरांची प्रजननक्षमता गमावून ही वस्ती तगली होती, हे विसरून याला निसर्गाने काढलेला सुखद मार्ग म्हणणे मला योग्य वाटत नाही.

दोनशेहून अधिक समुद्री गोगलगायींच्या जातींत आता इम्पोसेक्सची नोंद झाली आहे, पण परिणाम सर्वांत सारखा नाही. पेरीविंकल या शाकाहारी गोगलगायीत वेगळ्या प्रकारचा बदल होतो आणि त्यात अंडवाहिनीच्या जागी नराच्या ऊती येतात. थेस क्लेव्हिगेरामध्ये ट्रायफेनिलटिन हे भावंड संयुगही इम्पोसेक्स घडवते, डॉगव्हेल्कमध्ये मात्र ते तसे करत नाही. अशा प्रत्येक जातीची तपासणी वेगळी करावी लागते.

ईशान्य अटलांटिकच्या देशांची ओस्पार ही व्यवस्था आजही डॉगव्हेल्कच्या शुक्रवाहिनी निर्देशांकाची नियमित पाहणी करते आणि तो २ च्या खाली असावा असे उद्दिष्ट ठेवते. बंदीनंतरच्या पाहण्यांत हा निर्देशांक बहुतेक किनाऱ्यांवर स्पष्टपणे घसरला आहे. पाण्यात ट्रायब्युटिलटिन काही दिवसांत ते आठवड्यांत विघटित होते. तळाच्या प्राणवायूविरहित गाळात मात्र ते वर्षानुवर्षे, काही वेळा दशकानुदशके टिकते, आणि बंदराचा गाळ उपसताना किंवा जहाजदुरुस्तीच्या जुन्या गोद्यांभोवती पडलेल्या रंगाच्या कपच्यांतून ते पुन्हा पाण्यात येते. ज्या खडकांजवळ एखादी निरोगी वस्ती शिल्लक होती तेथे डॉगव्हेल्क लवकर परतले. जे टोक वाळूच्या लांब पट्ट्यांनी इतरांपासून तुटलेले होते तेथे पाणी स्वच्छ झाल्यावरही खडक रिकामेच राहिले, कारण सरपटत येणाऱ्या पिल्लाला वाळू ओलांडता येत नाही. अशा ठिकाणी परतीची पहिली खूण प्रौढ गोगलगायीत शोधून मिळत नाही. त्यासाठी ओहोटीच्या वेळी कपारींत हात घालून, पिवळसर कुप्यांचा झुबका लागतो का, ते पाहावे लागते.